रोजचा सुविचार, रोजचं कोडं



मी पापनाशमहून बोलतोय. नाव ऐकून काही जणांना कमल हासनचा २०१५ सालचा सिनेमा आठवला असेल. ते पापनाशम तिरुनेलवेलीकडचं, धबधब्याचं. आमचं पापनाशम तंजावर जिल्ह्यात आहे. तंजावरहून कुंभकोणमला निघालात की २५ किलोमीटरवर आम्ही लागतो आणि पुढे १५ किलोमीटरवर कुंभकोणम. भातशेती, केळीच्या बागा, कावेरीच्या फाट्यांचं पाणी, आणि १०८ शिवलिंगांचं एक जुनं देऊळ. एवढी आमची ओळख.

माझी ओळख आणखी थोडक्यात. आम्ही तंजावरचे मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५-७६च्या सुमाराला तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५पर्यंत ते राज्य टिकलं. त्या काळात कारकून, पुराणिक, कीर्तनकार, शिपाई अशी जी मराठी कुटुंबं इकडे आली, त्यांतलंच एक आमचं. राज्य गेलं, माणसं राहिली. घरात मराठी बोलतो, दाराबाहेर तमिळ. मी स्वतः ३१ वर्षं पुण्यात एका बँकेत नोकरी केली आणि २०१६ साली इकडच्या जुन्या घरी परत आलो. म्हणून तुम्हाला माझी मराठी जरा ओळखीची वाटत असेल. माझ्या अक्काची मराठी ऐकलीत, तर पहिली पाच मिनिटं तुम्हाला ती तमिळच वाटेल.

आज मला दोन साध्या गोष्टींबद्दल बोलायचं आहे. रोजचा सुविचार आणि पेपरातलं शब्दकोडं. दोन्हींना लोक वेळ घालवायचं साधन म्हणतात. माझं म्हणणं असं की आमच्यासारख्या घरात, जिथे भाषा फक्त तोंडात उरली आहे, तिथे या दोन गोष्टींवर बरंच काही अवलंबून असतं.

आधी कोड्याकडे जाऊ. पापनाशम हा शब्द कोड्यात घालायचा झाला तर किती घरं लागतील? पा-प-ना-श-म. पाच. तमिळमध्ये? तिथेही पाचच. आता तंजावर घ्या. मराठीत तं-जा-व-र, चार घरं. तमिळमध्ये पाच, कारण तमिळ लोक 'तंजावूर' म्हणतात आणि त्यात 'ञ्' आणि 'र्' यांना स्वतःचं एकेक घर मिळतं. 'अम्मा' हा शब्द मराठी कोड्यात दोन घरांत बसतो, अ आणि म्मा. तमिळमध्ये त्याला तीन घरं लागतात, कारण डोक्यावर टिंब दिलेलं अर्धं अक्षरही तिथे पूर्ण अक्षर म्हणून मोजतात. तमिळमध्ये १२ स्वर, १८ व्यंजनं, त्यांच्या मिळून २१६ जोड्या आणि वर एक आय्दम्, अशी एकूण २४७ अक्षरं. शाळेतलं पोरही हा आकडा घडाघडा सांगतं.

आपली तऱ्हा निराळी. आपली बाराखडी नावाप्रमाणे बारा रूपांची. ३४ व्यंजनं धरली तर ४०८ अक्षरं झाली, आणि जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. इंग्रजी कोडं करणाऱ्याला २६ अक्षरांत सगळा कारभार उरकता येतो. मराठी कोडं करणाऱ्याला आडव्या शब्दात 'की' आला तर उभ्या शब्दातही 'की'च लागतो. 'कि' चालत नाही, 'का' चालत नाही. म्हणून मराठी कोड्यांत नगर, कमल, सरस, पदर असे बिनकान्याचे, बिनवेलांटीचे शब्द वारंवार भेटतात. कोडं करणारा आळशी नसतो हो, अडलेला असतो.

मला कोड्यांचा नाद पेपरामुळे लागला असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे तो आईच्या कार्डांमुळे लागला.

आईला देवनागरी येत नव्हती. आमच्याकडच्या बहुतेक बायकांना येत नसे. शाळा तमिळ, बाजार तमिळ, देवळावरची पाटी तमिळ. पण माझ्याशी ती मराठीतच बोलायची, तेव्हा लिहिणारही मराठीतच. मग ती मराठी तमिळ लिपीत लिहायची. आता तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. ट, ठ, ड, ढ यांना एक. प, फ, ब, भ यांना एक. म्हणजे कडी, खडी, गडी, घडी, गढी हे पाचही शब्द कागदावर अगदी सारखे दिसतात. गाडी, काडी आणि खाडी यांतही फरक नाही. भाजी, बाजी आणि पाजी हे तर सख्खे भाऊ. आई लिहायची की काल केळफुलाची पाजी केली होती. ती भाजी आहे हे मी केळफुलावरून ताडायचं.

पुण्यात खोलीवर एकटा असताना ते कार्ड मी तीनतीनदा वाचायचो. पहिल्यांदा अक्षरं, दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा आईचा आवाज. शेजारच्या शब्दाचा आधार घेऊन अडलेला शब्द सोडवायचा, ही शब्दकोड्याची सगळी विद्या मी त्या कार्डांवर शिकलो.

देवनागरी मला हिंदीपुरती यायची. पण बँकेतली मराठी वेगळी होती. मी बोललो की आसपासचे लोक हसायचे. वाईट मनाने नव्हे, पण हसायचे. माझी वाक्यं तमिळ चालीची, आणि काही शब्द इतके जुने की त्यांनी ते फक्त पोथीत पाहिलेले. तेव्हा मी दुपारच्या डब्याच्या वेळी पेपरातलं कोडं सोडवायला बसू लागलो. कोडं माणसाला हसत नाही. शब्द बसत नसेल तर घर रिकामं ठेवतं, बस. 'आडवे शब्द' आणि 'उभे शब्द' या दोन मथळ्यांखाली मी पुण्याची मराठी शिकलो. म्हण अर्धी दिलेली असायची आणि मोकळी जागा भरायची. नाचता येईना, पुढे तीन घरं, वाकडे. अंगण. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, नद्या, किल्ले, नाट्यगृहं. माझा भूगोल, इतिहास आणि व्याकरण एकाच चौकोनात झालं.

या चौकोनाचा जन्म फार जुना नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन नावाच्या संपादकाने एक कोडं छापलं. तो मूळचा लिव्हरपूलचा. ते कोडं चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. दहा वर्षांत त्याचं असं वेड पसरलं की १९२४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेख लिहून या नादाला नावं ठेवली. हा निव्वळ वेळेचा अपव्यय, असा त्याचा सूर. त्याच पत्राने फेब्रुवारी १९४२मध्ये, ऐन युद्धात, स्वतःचं कोडं सुरू केलं. आज त्या कोड्यासाठी लोक वेगळी वर्गणी भरतात.

आपल्याकडे या वेडाने आणखी एक वळण घेतलं. पैशाचं. १९४०-५०च्या दशकांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. प्रवेश फी भरायची, कोडं भरून पाठवायचं आणि हजारोंच्या बक्षिसाची वाट बघायची. गोम अशी की एकाच घरात दोनतीन अक्षरं चपखल बसायची, आणि आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी तुमचं जुळलं तरच बक्षीस. ही बुद्धी झाली की जुगार? हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. चमारबागवाला नावाचे गृहस्थ बंगळुरूच्या एका साप्ताहिकातून अशी स्पर्धा चालवत आणि तिचे भाग घेणारे मुंबई राज्यात पुष्कळ. १९५५ साली केंद्राने कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसावर महिन्याला १००० रुपयांची मर्यादा घातली आणि १९५७ साली न्यायालयाने निकाल दिला. जिथे नशिबाचा खेळ आहे तो जुगार, आणि जुगाराला व्यापाराचं स्वातंत्र्य नाही. जिथे खरोखर कौशल्य लागतं त्याला हा कायदा लागू नाही. मला हा निकाल फार आवडतो. देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने शब्दकोड्यात डोकं लागतं की नाही यावर गांभीर्याने विचार केला!

आमच्या तमिळनाडूत कोड्याला मान मिळवून दिला तो 'द हिंदू'ने. १९७०च्या दशकात त्या पत्राची इंग्रजी कोडी रचणारे होते अ‍ॅडमिरल रामदास कटारी, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. जहाजांचा ताफा सांभाळलेला माणूस निवृत्तीनंतर पंधरा बाय पंधराच्या चौकोनात रमला. मराठीत 'कालनिर्णय'चे जयंतराव साळगावकर पंचांगाआधी शब्दकोड्यांसाठी लोकांना माहीत होते. आणि फार मागे जायचं तर बारामतीचे मोरोपंत आहेतच. अठराव्या शतकात त्यांनी १०८ रामायणं रचली आणि त्यांतल्या एकात ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर येऊ दिलं नाही. प नाही, ब नाही, म नाही. त्या रामायणात आमच्या गावाचं नाव घालायची सोय नव्हती, कारण पाचांपैकी तीन अक्षरं ओठांचीच.

ही झाली कोड्याची गोष्ट. आता सुविचाराकडे येतो.

सुविचार म्हटला की तुमच्यासमोर शाळेचा फळा येईल. वरच्या कोपऱ्यात तारीख, मध्ये पटसंख्या आणि रंगीत खडूने एक वाक्य. हल्ली तो फोनवर येतो, खाली फुलं आणि वाफाळता चहा. नाव कधी विवेकानंदांचं, कधी वपुंचं, कधी अब्दुल कलामांचं. एकच वाक्य सोमवारी एकाच्या नावावर आणि गुरुवारी दुसऱ्याच्या. म्हणून शहाणी माणसं सुविचार म्हटलं की नाक मुरडतात.

पण रोज एक तुकडा घ्यायचा आणि दिवसभर तोंडात घोळवायचा, ही चाल फोनपेक्षा खूप जुनी आहे. गोंदवलेकर महाराजांच्या प्रवचनांचं पुस्तक घराघरांत असतं, त्यात वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान. मनाचे श्लोक २०५ आहेत, पोरं रोज एकेक पाठ करत. इकडे तमिळनाडूत तिरुक्कुरळ आहे. एकेका कुरळमध्ये फक्त सात शब्द, वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत तीन. असे १३३० कुरळ. सरकारी बसमध्ये चढलात की ड्रायव्हरच्या मागे एखादा लिहिलेला दिसतो. रोज एक धरला तर पुरे व्हायला तीन वर्षं आणि जवळजवळ आठ महिने लागतात. म्हणजे पोर सहावीत गेलं की सुरू करावं, नववी संपताना ग्रंथ संपतो.

मी परत आल्यावर आमच्या ओट्यावर एक लहान फळा टांगला. इकडे ओट्याला तिण्णै म्हणतात. सकाळी दारातली रांगोळी झाली की मी त्यावर एक वाक्य लिहितो. मराठीत. पण दोनदा लिहितो. वर तमिळ लिपीत, आईच्या पद्धतीने, आणि खाली तेच देवनागरीत. घरचे लोक वरची ओळ वाचतात आणि अडलं की खालच्या ओळीकडे बोट नेतात. ही कडी की घडी? खाली बघ.

या फळ्याचे तीन नियम मी ठरवले आहेत. पहिला, वाक्य सात-आठ शब्दांपेक्षा मोठं नको. ती शिकवण कुरळची. दुसरा, ते कुणाचं आहे आणि कुठल्या पुस्तकातलं आहे हे मी स्वतः पाहिलं असेल तरच खाली नाव. नाहीतर नाव नाहीच. वाक्य चांगलं असेल तर ते बिननावाचंही उभं राहतं. आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा, त्यात निदान एक शब्द असा हवा जो आमच्या घरात हल्ली कुणी वापरत नाही. संकोच, उमेद, ओलावा, हुरूप. या शब्दांच्या जागी आमच्याकडे तमिळ किंवा इंग्रजी शब्द येऊन बसले आहेत. वाईट काही नाही, पण मूळचा शब्द घरी आहे हे तरी माहीत असावं.

दोनतीन वर्षं हे चाललं आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. लोक फळा वाचत होते, मान डोलावत होते, पण शब्द त्यांच्या बोलण्यात येत नव्हता. 'हुरूप' वाचून चार जण छान म्हणाले आणि पाचव्या दिवशी कुणालाच तो आठवेना. का? कारण सुविचार शब्द देतो. मागत नाही. आणि जो शब्द आपल्याकडे कुणी मागत नाही तो आपण सांभाळत नाही. पितळेच्या डब्यासारखं आहे ते. माळ्यावर असतो, पण कुणी मागितला तरच खाली येतो.

कोडं मागतं. तीन घरं, पहिलं अक्षर 'हु', अर्थ उत्साह. आता तुम्हाला माळ्यावर चढावंच लागतं.

तेव्हापासून मी सकाळी फळ्यावर सुविचार लिहितो आणि संध्याकाळी त्यातलाच एक शब्द पुसून तिथे घरं आखतो. तीन दिवसांनी तोच शब्द कोड्यात विचारतो. दिलेलं परत मागायचं. मी बँकेतला माणूस, वसुलीची सवय आहे.

यात आमच्या दोन भाषांची गंमत आहे. मराठी कोड्यांचे काही ठरलेले शब्द असतात, जे कोड्याबाहेर फारसे कुणी बोलत नाही. पाणी, दोन घरं, नीर. तोंड, दोन घरं, मुख. दिवस, दोन घरं, दिन. पुण्याच्या माणसाला हे पुस्तकी वाटतात. इकडे मात्र चहाच्या टपरीवरचा मुलगाही तण्णीर देतो, आरशात माणूस आपलं मुगम् पाहतो आणि दारात येणारे पेपर आहेत दिनमणि, दिनमलर, दिनत्तंदी. तुमचा कोड्यातला शब्द आमच्या रस्त्यावर हिंडतो. तंजावरच्या शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, पाच भाषांचं एक नाटकच लिहिलं होतं, 'पंचभाषाविलास'. त्यात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत शेजारी शेजारी नांदतात. आमच्या स्वयंपाकघरात अजून त्याचे प्रयोग चालू आहेत.

आता जे सांगणार आहे त्यासाठी मी ही सगळी प्रस्तावना केली.

माझी अक्का आता ८२ वर्षांची आहे. २०२१ साली तिला अर्धांगाचा झटका आला. हात थोड्या दिवसांत सावरला, बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द जिभेवर येईना. बोटाने दाखवायची आणि चिडायची. उपचार तंजावरला. वाचा परत यावी म्हणून व्यायाम घ्यायला एक बाई होत्या, फार चांगल्या, धीराच्या. त्या चित्रं दाखवून शब्द विचारायच्या. अर्थातच तमिळमध्ये. चारपाच महिन्यांत अक्काचे तमिळ शब्द हळूहळू परत येऊ लागले. भात, दूध, दार, ऊन. सगळे तमिळ. आम्हाला आनंद झाला, का होणार नाही?

पण अक्का माझ्याशी आयुष्यात कधी तमिळ बोललेली नाही. आई गेल्यावर माझी घरची मराठी म्हणजे अक्का. ती आता मला तमिळमध्ये हाक मारत होती आणि माझ्याकडे अशी बघायची की जणू दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं झालंय. व्यायाम घेणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, मराठी मला येत नाही, ती तुम्हीच विचारायला हवी. रोज, थोडी, न कंटाळता. डॉक्टरांनीही बजावलं की कोडं हे काही औषध नव्हे, कुठला शब्द येईल आणि कुठला येणार नाही याची हमी कुणी देणार नाही.

मग मी रोज दुपारी कॉफीनंतर तिच्याजवळ वही घेऊन बसू लागलो. अक्काला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून घरं बोटांवर मोजायची. रोज पाच शब्द. अर्थ सांगायचा, किती अक्षरं ते बोटांनी दाखवायचं, पहिलं अक्षर उच्चारायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यांत कठीण. शब्द आपल्याला माहीत असतो, समोरचं माणूस धडपडत असतं आणि आपली जीभ शिवशिवते. कोडं सोडवणाऱ्याला हे कळतं. दुसऱ्याने उत्तर सांगितलं की घर भरतं, पण ते आपलं राहत नाही.

पंधरा दिवस काही नाही. सोळाव्या की सतराव्या दिवशी मी म्हटलं, पाणी. दोन बोटं वर केली. म्हटलं, 'पा' नव्हे, 'नी'ने सुरू होतं. ती बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नीर."

आता तुम्ही मला सांगा, तो शब्द तमिळ होता की मराठी? मी तिला विचारलं नाही. वहीत मात्र मराठीच्या रकान्यात लिहिला. त्यानंतर लेकरू आलं. मग आमटी. मग एक दिवस तिने स्वतःहून मला नावाने हाक मारली आणि पुढे 'रे' लावला. तो 'रे' कोड्यात नव्हता.

सगळे शब्द काही आले नाहीत. आजही ती वाक्य अर्ध्यात सोडते आणि पुढचं हाताने सांगते. महिन्यामहिन्याचा हिशेब लावला तर गेलेल्या शब्दांची यादी आलेल्यांपेक्षा मोठी आहे. पण दुपारी मी वही उघडायला उशीर केला तर ती पाच बोटं दाखवते. आज पाच अजून झाले नाहीत.

या सगळ्यात एक तिसरा विद्यार्थी तयार झाला. पुतण्याची मुलगी, वय ११. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तमिळ, घरी आमची मराठी. देवनागरी शून्य. ती अक्काच्या शेजारी बसून बोटं मोजायची. बोटांवरून वहीतल्या घरांवर आली. आणि देवनागरी शिकायला चौकोनासारखी सोय नाही हे मला तिच्यामुळे कळलं. ओळीत लिहिलं की शिरोरेघेखाली सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलेली दिसतात. चौकोनात प्रत्येक अक्षर आपल्या घरात सुटं बसतं, काना-वेलांटीसकट. सहा महिन्यांत ती फळ्यावरची खालची ओळ वरच्या ओळीकडे न बघता वाचू लागली. आणि एक दिवस मला म्हणाली, आजोबा, आता मी घालते, तुम्ही सोडवा.

तिची तीन कोडी तुम्हाला घालतो. पाहा जमतात का. पहिलं: तमिळ लोकांचं लग्न, मुंबईच्या लोकांचं स्टेशन, तीन घरं. दुसरं: मराठीत संधी, तमिळमध्ये घाई, चार घरं. तिसरं: तमिळ माणूस ते बसून ऐकतो, मराठी माणसावर ते ओढवतं, तीन घरं.

सुटली? कल्याण. तमिळमध्ये कल्याणम् म्हणजे लग्न. दुसरं अवसर. अवसरम् म्हणजे इकडे घाईगडबड. तिसरं प्रसंग. पिरसंगम् म्हणजे भाषण, प्रवचन. म्हणजे मी आत्ता करतोय ते आणि तुमच्यावर ओढवलंय ते, दोन्ही एकाच शब्दात.

कवितेचं एक माझं आहे. कवितेची अक्षरं हलवली की 'विकता' होतं. क-वि-ता, वि-क-ता. कविता विकता येते का हे मात्र कोड्यात विचारू नये.

आता शेवटी तुमच्याकडे येतो. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर म्हणाल, आमच्याकडे मराठी उदंड आहे, आम्हाला काय करायचंय? आणि तुमच्यातले काही जण बंगळुरूला, दुबईला, लंडनला बसून ऐकत असतील. त्यांच्या घरातलं चित्र आमच्यासारखंच आहे. मुलांना मराठी समजते. आपण बोलतो, ती ऐकतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. आपण रोज शब्द देत असतो. मागत नाही. मागायला हवेत, आणि मागितल्यावर गप्प बसायला हवं.

त्यासाठी फार काही लागत नाही. गणिताची चौकटीची वही घ्या. पाच बाय पाचचा चौकोन आखा. मधोमध आपल्या गावाचं नाव लिहा, गाव कितीही लहान असो. त्याच्या एकेका अक्षरातून उभे शब्द काढा आणि अर्थ घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. कोशात बघू नका, निदान आधी नको. त्यांनी सांगितलेला अर्थ त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. फ्रिजवर रोज एक वाक्य लावा, फोनवरून आलेलं नको, तुम्ही पुस्तकात वाचलेलं. चौथ्या दिवशी त्यातला एक शब्द पुसा आणि मुलांना विचारा, इथे काय होतं? उत्तर लगेच सांगू नका. बोटं दाखवा.

आमच्या फळ्यावर आज सकाळी 'ओढ' असलेलं वाक्य होतं. ते लिहीत असताना दुधवाला थांबला. तो पक्का तमिळ, पण वरची ओळ त्याच्या लिपीत असल्यामुळे रोज मोठ्याने वाचतो आणि अर्थ विचारतो. मी सांगितला. तो म्हणाला, याला आमच्याकडे चांगला शब्द आहे, पण आत्ता आठवत नाही, उद्या सांगतो.

आता अक्काचे पाच व्हायचे आहेत. तुमच्या कोड्यात अडलेला शब्द असेल तर जरूर कळवा, आम्ही तिघं मिळून शोधू. नमस्कार.